दगड तापवायला सरकारी पैसे: एका अर्जाची दीड वर्षं

"दगड तापवायला सरकार पैसे देतं?" आईने फोनवर विचारलं तेव्हा मी हसले होते. देतं, असं म्हणाले. पण कुणाला देतं आणि नेमकं कशासाठी देतं, हे कळायला मला पुढचं दीड वर्ष लागलं. आमचा अर्ज पहिल्या टप्प्यात पास झाला, दुसऱ्यात नापास. नापास झालेल्यांचे अनुभव फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. इंग्लंडच्या उत्तरेला नऊ माणसांच्या एका कंपनीत काम करते. कंपनीचं नाव देत नाही, कारण या गोष्टीतले बाकीचे लोक अजून त्याच धंद्यात आहेत. आमची कल्पना सांगायला अगदी सोपी आहे. वारा भरपूर असताना स्वस्त मिळणाऱ्या विजेवर हवा तापवायची, ती एका मोठ्या टाकीतल्या खडीतून फिरवायची आणि खडी ६०० अंशांपर्यंत न्यायची. नंतर तीच हवा उलट्या दिशेने फिरवून कारखान्याला वाफ करून द्यायची. एक टन बेसॉल्ट १०० अंशांवरून ६०० वर नेला की त्यात साधारण १२५ युनिट उष्णता बसते. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा दगडच. इथल्या सहकाऱ्यांना मी हे इतक्यांदा ऐकवलं की शेवटी त्यांनी चाचणीच्या टाकीला 'सह्याद्री' असं नाव देऊन टाकलं.

या उष्णतेची परत वीज करता येते, पण निम्म्याहून जास्त वाया जाते. म्हणून आम्ही वाफेवरच थांबलो. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आता सरकारला यात रस का? ब्रिटनमध्ये स्कॉटलंडला वारा खूप आहे, मागणी दक्षिणेला आहे आणि मधल्या तारांची क्षमता अपुरी. जोराचा वारा सुटला की स्कॉटलंडमधल्या पवनचक्क्या बंद ठेवायला त्यांच्या मालकांना पैसे द्यावे लागतात आणि दक्षिणेत गॅसची केंद्रं चालवायलाही. उलट हिवाळ्यात कधीकधी कित्येक दिवस वारा पडून राहतो. लिथियमच्या बॅटऱ्या तास-दोन तासांचं काम छान करतात, पण दिवसच्या दिवस निभावून नेणं त्यांना परवडत नाही. देशातला सर्वांत मोठा साठा अजूनही वेल्समधलं डिनॉर्विगचं उदंचन केंद्र, म्हणजे वीज जास्त असताना पाणी वर चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडून वीज करायची. आपल्या घाटघरसारखंच, पण आकाराने कितीतरी मोठं: १,७२८ मेगावॉट, सुमारे ९ गिगावॉट-तास. ते १९८४ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर इथे असं एकही नवं केंद्र उभं राहिलं नाही.

मार्च २०२१ मध्ये व्यापार आणि ऊर्जा खात्याने दीर्घकालीन साठवणुकीच्या प्रात्यक्षिकांसाठी ६ कोटी ८० लाख पौंडांची स्पर्धा जाहीर केली. हे पैसे १ अब्ज पौंडांच्या 'नेट झिरो इनोव्हेशन पोर्टफोलिओ'तले होते. वीज, उष्णता आणि विजेपासून हायड्रोजनसारखं इंधन, असे तिन्ही प्रकार चालणार होते. आमच्या संस्थापकाने ती बातमी मला पाठवली, वर फक्त एक प्रश्नचिन्ह टाकून.

दोन प्रवाह होते, आणि आपण कुठल्या प्रवाहात बसतो हे ठरवण्यातच आमचे दोन आठवडे गेले. तंत्रज्ञानाची तयारी १ ते ९ अशा टीआरएल पायऱ्यांवर मोजतात. कल्पना कागदावर असेल तर १, बाजारात चालू असेल तर ९. पहिला प्रवाह जवळजवळ तयार झालेल्यांसाठी होता. त्यात अनुदान मिळणार, पण सोबत स्वतःचेही पैसे घालायचे. दुसरा आमच्यासारख्यांसाठी, ज्यांचं यंत्र प्रयोगशाळेत चालतं पण बाहेर कुणी पाहिलेलं नाही. त्यात सरकार अनुदान देत नाही, संशोधनाचं काम विकत घेतं. या पद्धतीला एसबीआरआय म्हणतात. खर्च पूर्ण मिळतो आणि शोधाची मालकीही कंपनीकडेच राहते. छोट्या कंपनीला ही फार मोठी सवलत आहे. संस्थापकाला पहिला प्रवाह हवा होता, कारण तो जास्त भारदस्त वाटत होता. मी त्याला आमच्या टाकीचा फोटो दाखवला. दीड टन खडी, शेडच्या कोपऱ्यात, वरून ताडपत्री. मग तो दुसऱ्या प्रवाहाला तयार झाला.

२०२१ च्या उन्हाळ्यात अर्ज भरला. मी, संस्थापक आणि हिशेब बघणारी सहकारी, तिघांचे मिळून चाळीसेक दिवस गेले. अर्ज लिहिण्याचा खर्च कुणी परत देत नाही, तो आपल्याच खिशातून. तांत्रिक प्रश्न मी चार दिवसांत उरकले. जास्त वेळ खाल्ला तो खर्चाच्या एक्सेल तक्त्याने: प्रत्येक माणसाचा दिवसाचा दर, तो दर कसा काढला, ओव्हरहेड किती टक्के आणि का, साहित्य, उपकंत्राटं, प्रवास. एका रकान्यात मी 'इतर' असं लिहून ५,००० पौंड टाकले होते. सहकारी म्हणाली, "इतर म्हणजे काय हे तुला माहीत नसेल तर त्यांना कसं कळेल?" ते पाच हजार फोडायला अर्धा दिवस गेला आणि शेवटी साडेतीनच निघाले. अर्ज करणार असाल तर हा तक्ता पहिल्या आठवड्यात उघडा. आणि रकमेत व्हॅट धरायचा की नाही, हे पहिल्याच दिवशी लेखी विचारून घ्या. आम्ही तिसऱ्या आठवड्यात विचारलं आणि सगळे आकडे पुन्हा मांडले.

मग वाट पाहणं. त्याबद्दल काय सांगू? त्या हिवाळ्यात गॅसचे भाव भडकले, इथल्या कितीतरी छोट्या वीजविक्री कंपन्या बुडाल्या आणि आम्ही रोज सकाळी ईमेल उघडून बंद करत होतो.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा सोबत सूचना होती की सरकारी घोषणा होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. घोषणा २३ फेब्रुवारी २०२२ ला झाली. २४ प्रकल्प, मिळून ६७ लाख पौंड. आमच्या वाट्याला १ लाख ४० हजारांच्या आसपास. संध्याकाळी आम्ही नऊ जणांनी केक कापला. दुसऱ्या दिवशी पहाटे रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आमच्या टाकीच्या पोलादाचा भाव सहा महिने टिकेल असं पुरवठादाराने सांगितलं होतं. मार्च संपेपर्यंत तो दोन आठवड्यांच्या वर भावच देईना.

पहिल्या टप्प्याचं काम म्हणजे शक्यता-अभ्यास. प्रत्यक्ष प्रात्यक्षिक दुसऱ्या टप्प्यात आणि तिथे फक्त पहिला टप्पा पार केलेल्यांनाच प्रवेश. म्हणजे हा अभ्यास हाच खरा अर्ज होता. आम्ही मात्र तो अभ्यासासारखाच केला.

तांत्रिक बाजूने ते दिवस सुंदर होते, तेवढं कबूल करते. आमची सगळ्यात मोठी भीती टाकीची होती. टाकी तापली की फुगते आणि वाढलेल्या जागेत खडी सरकून खाली बसते. टाकी निवताना आकसू पाहते, पण खडी काही मागे हटत नाही. सुजलेल्या बोटातल्या अंगठीसारखी अवस्था. पुढच्या वेळी पुन्हा तेच, आणि दर फेरीला भिंतीवरचा ताण थोडा थोडा चढत जातो. यावर एक उपाय म्हणजे भिंती तिरक्या करायच्या, वर रुंद आणि खाली अरुंद. म्हणजे आकसताना खडी दाबली न जाता वर ढकलली जाते. आम्ही सरळ आणि तिरकी अशा दोन छोट्या टाक्या करून प्रत्येकी तीस वेळा तापवल्या, निववल्या. सरळ टाकीचा आलेख जिन्यासारखा चढत गेला, तिरकीचा आठव्या फेरीनंतर सपाट झाला. त्या आलेखाची प्रिंट अजून माझ्या टेबलासमोर आहे.

दर महिन्याला देखरेख अधिकाऱ्याबरोबर बैठक असायची. मला आधी वाटलं होतं तपासणी असेल. तसं काही नव्हतं. त्या बाईंना आमचं यंत्र मनापासून आवडलं होतं. फक्त त्या दर वेळी आलेखावरून पटकन पुढे जायच्या आणि विचारायच्या, "जागेचं काय झालं?" मला वाटायचं, त्यांना तांत्रिक भागात फारशी गती नसावी. आता ते आठवलं की लाज वाटते.

पैशाबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते आणि काम झाल्यावर मिळते. अहवाल द्या, तो मान्य होऊ द्या, मग बिल लावा. पण पगार दर महिन्याला जातात. आमच्या संस्थापकाने दोन महिने स्वतःचा पगार घेतला नाही आणि बँकेची ओव्हरड्राफ्टची मर्यादा वाढवून घेतली. माइलस्टोन ठरवताना पहिला माइलस्टोन छोटा आणि लवकरचा ठेवा. आमचा चौथ्या महिन्यात होता. तसा ठेवायला मीच सांगितलं होतं, 'काहीतरी ठोस दाखवता यावं' म्हणून.

जागेचं सांगते. प्रात्यक्षिकाला खरा कारखाना हवा होता, जो आमची वाफ खरोखर वापरेल. खाद्यपदार्थ बनवणारा एक कारखाना तयार झाला. गॅसच्या बिलाने तेही हैराण होते. यंत्र असं ठरलं: २ मेगावॉटने दहा तास तापवायचं, म्हणजे २० मेगावॉट-तास, म्हणजेच २० हजार युनिट. टाकीच्या कडांची उष्णता पूर्ण वापरात येत नाही, ते धरून साधारण २३० टन खडी. कारखान्याच्या व्यवस्थापकाने एका पानाचं इरादापत्र दिलं. त्यात 'सहकार्य करण्याची इच्छा आहे' असं वाक्य होतं. मी ते फाइलला लावलं आणि जागेचा विषय माझ्या डोक्यातून गेला.

२ मेगावॉटसाठी नवी विजेची जोडणी लागणार होती. स्थानिक वितरण कंपनीकडे आम्ही मे महिन्यात अर्ज केला. उच्च दाबाच्या जोडणीचा कोट द्यायला त्यांना ३५ कामकाजाचे दिवस असतात, म्हणजे सात आठवडे. कोट जुलैमध्ये आला. आमच्या केबलचा आणि स्विचगिअरचा खर्च अपेक्षेइतकाच होता. त्याखाली आणखी एक ओळ होती: जवळच्या उपकेंद्रातल्या मजबुतीकरणात आमचा वाटा, २ लाख १० हजार पौंड. ही ओळ आमच्या तक्त्यात कुठेच नव्हती.

आम्ही ती रक्कम दुसऱ्या टप्प्याच्या अर्जात घातली आणि एकूण मागणी ३१ लाखांवर गेली. कारखान्यालाही कळवलं. तिकडून उत्तर आलं की वरिष्ठांशी बोलावं लागेल. अर्जाची मुदत जवळ आली होती, म्हणून आम्ही तेच जुनं इरादापत्र जोडून अर्ज पाठवला.

आणखी एक गोष्ट घाई करायला लावत होती. सगळा निधी २०२५ च्या मार्चपर्यंत खर्च होणं गरजेचं होतं. सरकारचं आर्थिक वर्ष इथेही ३१ मार्चलाच संपतं, त्यामुळे 'मार्च एंड' म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. मार्चमध्ये ते घरी जेवायला रात्री दहाला यायचे. तरीही मी वेळापत्रकात टाकीची बांधणी ऑक्टोबर २०२४ ला संपवली होती आणि चाचण्यांना पाच महिने ठेवले होते. मध्ये मोकळा वेळ एकही दिवस नाही.

अर्ज तपासला जात होता तेवढ्यात देशाचे तीन पंतप्रधान झाले, आणि आमच्या खात्याचे मंत्रीही तीन. क्वार्टेंग, मग रीस-मॉग, मग शॅप्स. आई दर आठवड्याला विचारायची, "तुझ्या दगडांचं काय?" मी सांगायचे, अगं इथे सरकारचंच ठरत नाहीये. पण खरं सांगायचं तर अधिकाऱ्यांचं काम थांबलं नव्हतं. पत्र ठरल्या वेळेच्या आसपासच आलं.

नकार होता.

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस विजेत्यांची यादी लागली. पाच प्रकल्प, ३ कोटी २८ लाख पौंड. यादी वाचताना असूया वाटली हे नाकारत नाही, पण कुतूहल त्याहून जास्त होतं. प्लिमथजवळ पाण्याच्या अडीचपट जड द्रव टेकडीवर चढवून खाली सोडणारी रीएनर्जाइज. बॅटरी म्हणून एकाच द्रवावर चालणारी स्टोरटेरा. वितळणाऱ्या आणि पुन्हा गोठणाऱ्या पदार्थात घरगुती उष्णता साठवणारी सनॅम्प. आणि सगळ्यात अफलातून म्हणजे ईडीएफ या वीज कंपनीचा प्रकल्प, ज्यात युरेनियम समृद्ध करताना उरलेल्या क्षीण युरेनियममध्ये हायड्रोजन मुरवून ठेवायचा. पाचवा शेफील्ड विद्यापीठाचा. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पहिल्या प्रवाहातल्या तीन कंपन्यांना मिळून ३ कोटी गेले.

परीक्षकांचे शेरे मागवता येतात. जरूर मागवा. पहिले दोन दिवस ते मला उघडवले नाहीत. उघडले तेव्हा तांत्रिक भागाला आमचे गुण चांगले होते. तिरक्या टाकीचं कौतुकही होतं. उष्णता परत विजेत न बदलण्याचा निर्णय आम्ही आकड्यांनिशी मांडला होता, तोही त्यांना पटला होता. मी तो भाग चार वेळा लिहिला होता. गुण कापले गेले ते तीन ठिकाणी: जागेची बांधिलकी कच्ची, जोडणीचा खर्च उशिरा कळलेला आणि वेळापत्रकात उसंत नाही. म्हणजे त्या बाई दर महिन्याला जे विचारत होत्या तेच. यंत्र चालेल यावर त्यांचा विश्वास होता. ते ठरलेल्या जागी, ठरलेल्या मार्चच्या आत चालेल यावर नव्हता. आणि पैसे नेमके त्याच्यासाठीच होते.

कारखान्यानेही डिसेंबरमध्ये माघार घेतल्याचं कळवलं. मी चिडले नाही. एका पानाच्या इच्छेवर आम्ही ३१ लाख मागितले होते.

खरी चूक मला २०२३ च्या वसंतात कळली. आमच्या धंद्यातल्या एका ओळखीच्या माणसाशी कॉफी पिताना मी त्या २ लाख १० हजारांची कहाणी सांगत होते. तो म्हणाला, "पण आता ते द्यावे लागत नाहीत ना?" १ एप्रिल २०२३ पासून नियम बदलला होता. वीज घेणाऱ्या नव्या ग्राहकाने, फार महाग पडणारी प्रकरणं सोडली तर, मजबुतीकरणाचा वाटा भरायचा नाही. स्वतःच्या दारापर्यंतच्या जोडणीचा खर्च तेवढा त्याचा. बरं, हा बदल अचानक झाला नव्हता. ऑफजेमने, म्हणजे इथल्या ऊर्जा नियामकाने, तो निर्णय मे २०२२ मध्येच प्रसिद्ध केला होता. त्याच महिन्यात आम्ही जोडणीसाठी अर्ज केला होता. नऊ माणसांपैकी एकानेही तो वाचला नाही. वाचला असता तर 'जोडणीचा अर्ज एप्रिल २०२३ नंतर करू' असं लिहून ती ओळ काढून टाकता आली असती. कदाचित कारखानाही बिचकला नसता. मी खडीच्या दाण्यांच्या आकारावर तीन आठवडे घालवले होते आणि वीजजोडणीच्या नियमांवर एक दुपार.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी क्रम उलटा सांगते. आधी जागा: इरादापत्रावर थांबू नका, कोण किती दिवस कुठली जमीन देणार, यंत्र बंद पडलं तर वाफ कुठून येणार, प्रयोग संपल्यावर टाकी कोण हलवणार, हे सगळं लिहिलेला करार, निदान त्याचा मसुदा. मग विजेची जोडणी, तीही अर्ज करायच्या आधी. मग सुरक्षेची कागदपत्रं, कारण वाफ म्हटली की दाबाच्या यंत्रणांचे नियम लागू होतात आणि तपासणीसाला त्याच्या तारखा असतात. तंत्रज्ञान शेवटी लिहा. ते तुम्हाला येतंच, म्हणून तर तुम्ही अर्ज करताय.

आणखी एक. पहिल्या टप्प्याचा अहवाल सरकार सार्वजनिक करतं. काय झाकायचं ते आधीच ठरवा. आम्ही तिरक्या भिंतीचा नेमका कोन झाकला आणि बाकी बहुतेक सगळं उघडं ठेवलं. अहवाल वाचून आम्हाला आजवर अकरा जणांनी लिहिलं. त्यातले चौघे विद्यार्थी.

सध्या ब्रिटनमध्ये दीर्घकालीन साठवणुकीसाठी 'कॅप अँड फ्लोअर' नावाची नवी योजना आहे. उत्पन्न ठरावीक पातळीखाली गेलं तर भर घालायची, फार वर गेलं तर जादाचं परत घ्यायचं. पण ती निदान आठ तास वीज देऊ शकणाऱ्या, प्रकारानुसार किमान ५० किंवा १०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी आहे. आम्ही वीज देत नाही, वाफ देतो. तिथे आमचं काही काम नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच कारखान्याच्या व्यवस्थापकाचा ईमेल आला होता. गॅसचा करार संपत होता, अजून रस आहे का, असं विचारलं होतं. आकार निम्मा करायचा, पैसे निम्मे त्यांचे, निम्मे आमचे आणि बँकेचे. या वेळी आम्ही उत्तर देण्याआधी वितरण कंपनीकडे नवा कोट मागितला. तो एका शुक्रवारी संध्याकाळी आला. संस्थापकाने मला फक्त त्या एका ओळीचा फोटो पाठवला. मजबुतीकरण: शून्य. वर पुन्हा तेच एक प्रश्नचिन्ह. मी त्याला लिहिलं, आधी जागेचा करार पाठव.